मंगळवार-शुक्रवारचा पाला

सोमवार, ५ जानेवारी

राजधानीतून, आसुन्सिओनहून, आरोग्य खात्याचा माणूस येऊन गेला. विषबाधेचे रोगी नेमकं काय घेऊन येतात, गोळ्या की शेतातलं औषध की घरातलं रसायन, चुकून की जाणूनबुजून, कुठल्या वयात, कुठल्या मोसमात, याचा अभ्यास हवा आहे. देशभरातून मोजकी इस्पितळं निवडली, त्यात आमचं. काम अर्थातच माझ्या गळ्यात, कारण तातडीच्या वॉर्डात कायमची डॉक्टर मी एकटीच. वरवर कुरकुर केली, आतून खूश आहे. सात वर्षं या लाल धुळीत कोयत्याच्या आणि मोटारसायकलच्या जखमा शिवतेय, आता जरा डोकं वापरायचं काम आलं. खात्याला पाठवायचं ते वेगळं. इथे मनातलं लिहायचं.

आज एकच रोगी. लहान मुलगी, आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या गोड म्हणून खाल्ल्या. वाचली. मी आजीला इतकं झापलं की शेवटी आजीलाच झोपवावं लागलं.

मंगळवार, ६ जानेवारी

उन्हाने जीव नकोसा केलाय. फाटकाशी पाला विकणारी न्या पोलिकार्पा (थोरल्या बाईला इथे मानाने न्या म्हणतात) आज रडकुंडीला आली होती. ती तिथे तीस वर्षं बसते, इस्पितळाची नवी इमारतही तिच्यानंतरची. डॉक्टर, नर्सा, रोग्यांचे नातेवाईक, सगळे तिच्याच पाल्यावर जगतात. पुदिना, कोकू, सांता लुसिया असली पानं तिच्या खलबत्त्यात ठेचून गार पाण्याच्या जगमध्ये पडल्याशिवाय इथे कोणी तेरेरेची, आमच्या थंडगार चहाची, नळी तोंडाला लावत नाही. ती राहते नदीपलीकडे. उरलेला पाला बसने परत नेईस्तोवर त्याचा पार चुरा होतो.

मागच्या कोठीत गारवा आहे, नळ आहे, सिमेंटचा हौद आहे. मी आमचे व्यवस्थापक आनिबाल यांच्याकडे किल्ली मागितली.

"तिथे डासांच्या फवारणीवाल्यांचं सामान असतं," ते म्हणाले. "मंगळवारी आणि शुक्रवारी नगरपालिकेची माणसं येतात."

"मग? सामान काय चावणार आहे तिला?"

"नियमात बसत नाही, डॉक्टर."

"म्हातारीचा पाला तुमच्या नियमापेक्षा हलका आहे, कुठेही बसेल."

दिली एकदाची. न्या पोलिकार्पाने माझे दोन्ही हात धरले. "पोरी, तुला सून करून घेतली असती गं."

"तुमचा मुलगा पन्नाशीला आलाय."

"म्हणून तर म्हणते, घाई कर."

भेटीची वेळ संपल्यावर तिने हौदात गोणपाटं बुचकळली, पाल्यावर पांघरली आणि हात हलवत बस पकडायला गेली. मला फार बरं वाटलं. एवढ्याशा किल्लीने एखाद्याचं इतकं होतं, मग लोक करत का नाहीत?

शनिवार, १० जानेवारी

चमत्कारिक दिवस. दुपारपर्यंत तीन रोगी, तिघांना एकच त्रास: तोंडाला लाळेची धार, घामाने कपडे ओले, पोटात मुरडा, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. पहिला विचार शेतातल्या औषधाचा. पण तिघांपैकी एकही शेताकडे फिरकलेला नाही. एक शाळामास्तरीण, आईच्या उशाशी बसलेली. एक आमच्याच स्वयंपाकघरातली बाई. एक रुग्णवाहिकेचा चालक. अॅट्रोपिन दिलं, तिघंही सुधारले. बुधवारी एकीला असंच झालं होतं, तेव्हा मी आंबलेल्या मांसावर ढकललं.

माझंही डोकं ठणकतंय. शिवाय वॉर्डात अंधार. भरदिवसा दिवे लावले तरी मिणमिण. आनिबालना सांगितलं, बल्ब बदला. ते म्हणाले, मला तर स्वच्छ दिसतंय. त्यांना काय, ते खोलीत बसून लिंबू सरबत पितात.

बुधवार, १४ जानेवारी

आज चार. पुन्हा तीच लाळ, त्याच बाहुल्या. हेडनर्स लिसांद्रो एरवी रोग्यालाही हसवतो, आज त्यालाच मळमळत होतं. तरी तोंड बंद नाही.

"डॉक्टर, पुदिन्याला आज लसणाचा वास येतोय. पोलिकार्पा आता आमटीचा मसालाही विकायला लागली वाटतं."

मला काही वास आला नाही, फिनेलने नाक केव्हाच मेलंय. तेरेरेचे तीनचार गुआम्पा, म्हणजे शिंगाचे पेले, भरून प्यायले, उन्हाळ्यात त्याशिवाय उभं राहवत नाही. संध्याकाळी टाका घालताना सुईचं भोक दिसेना. चष्म्याचा नंबर वाढला असणार. चाळिशी आली, दुसरं काय.

शनिवार, १७ जानेवारी

पाच. आता हा योगायोग नाही. मी सगळे रोगी पुन्हा आठवून पाहिले आणि लख्ख दिसलं: बुधवार आणि शनिवार. मधल्या वारी एकही नाही. आणि झाडून सगळ्यांनी फाटकाजवळचा पाला घातलेलं तेरेरे प्यायलेलं. अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. खात्याने मागितलं होतं ते हेच, विषबाधेत एखादा ठरावीक क्रम सापडणं.

लिसांद्रोला सांगितलं. तो म्हणाला, "बुधवारी विकतात तो पाला मंगळवारी तोडलेला. शनिवारचा शुक्रवारचा. मंगळवार-शुक्रवार कसले वार ते मी तुम्हाला सांगायला हवं?"

करणीचे. माझी आजी या दोन दिवशी शेजारणीकडून विरजणसुद्धा घ्यायची नाही.

"मूर्खासारखं बोलू नकोस," मी म्हणाले. पण करणी खोटी असली तरी त्या दोन दिवशी म्हातारी निराळ्या जागी निराळं काही तोडायला जात असेल, हे खोटं कशावरून?

सोमवार, १९ जानेवारी

सरळ तिलाच विचारलं. मंगळवारी आणि शुक्रवारी कुठे जाता?

"दलदलीकडे."

"काय आणता?"

"जे लागतं ते."

"कोणाला लागतं?"

तिने मान फिरवली आणि बत्ता आपटायला लागली. "पोरी, तू पोटात काय आहे ते विचारतेस ना लोकांना? मी मनात काय आहे ते विचारते. तू तुझं सांगत नाहीस, मी माझं सांगत नाही."

याला काय म्हणायचं? घरी येऊन वनस्पतींचं जाडं पुस्तक उघडलं आणि अर्ध्या तासात सापडलं. जाबोरांदी. आपल्याच रानातलं झुडूप. पानं पोटात गेली की लाळ, घाम, बारीक बाहुल्या, अॅट्रोपिनने उतार. अक्षर न् अक्षर जुळतंय. म्हातारीची नजर गेलीय, कोकू समजून ती जाबोरांदी तोडते. मी उठून खोलीतच दोन फेऱ्या मारल्या. आसुन्सिओनच्या परिषदेत हे वाचून दाखवताना कुठला ड्रेस घालायचा, इथपर्यंत विचार गेला. लाज वाटली, पण गेला खरा.

आनिबालना तोंडी सांगितलं. लेखी नंतर देईन.

बुधवार, २१ जानेवारी

एलेउतेरियो बारेइरो. बायकोच्या शस्त्रक्रियेसाठी आलेला, धडधाकट शेतकरी. उन्हात बाकावर बसून सकाळभर तेरेरे प्यायला. बारा वाजता बाकावरून खाली. छातीत नुसता घरघराट, ओठ निळे. नळी घातली, यंत्रावर ठेवला. अॅट्रोपिन एवढं लागलं की कोठार रिकामं झालं.

कॉरिडॉरमध्ये त्याचे भाऊ उभे होते. त्यांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं. मी एवढंच म्हणाले, "पाल्यात चुकून विषारी पान येतंय." चुकून हा शब्द मी नक्की उच्चारला होता. त्यांनी तो ऐकला नाही.

मी धावत फाटकाशी पोचेपर्यंत न्या पोलिकार्पाचं टेबल उलथलं होतं. पाला लाथांनी उडवला. खलबत्ता कोणीतरी भिंतीवर आपटला, लाकडाचा असूनही उभा चिरला. "चेटकीण! मंगळवारची चेटकीण!" आमच्याच धोब्याची बायको ओरडत होती, जी रोज सकाळी तिच्याकडून फुकट पुदिना न्यायची. पोलीस आले आणि न्या पोलिकार्पाला गाडीत घातलं, तिच्याच भल्यासाठी म्हणे. तिने माझ्याकडे पाहिलं. तिची अजून खात्री होती की मी काहीतरी बोलेन. मी पोलिसाला म्हणाले, पाल्याचा नमुना मला हवा आहे.

शनिवार, २४ जानेवारी

एकही नाही! अख्ख्या शनिवारात एकही लाळवाला नाही. बारेइरो यंत्रावरून उतरला आणि त्याने बायकोलाच विचारलं, तुझं ऑपरेशन झालं का. सगळ्या वॉर्डने टाळ्या वाजवल्या. माझं निदान बरोबर ठरलं.

पाला नाही म्हणून तेरेरे नुसत्या पाण्याचं, बेचव. पण आनिबालनी शेवटी बल्ब बदललेले दिसतात, वॉर्ड कसा लखलखीत. सुईत दोरा पहिल्या फटक्यात गेला. चष्मा राहू दे.

सोमवार, २६ जानेवारी

पोलीस ठाण्यात गेले. त्यांनी तिला कोठडीत नाही, मागच्या पडवीत ठेवलंय. तिची मुलगी जेवण घेऊन येते. चूक कोणाकडूनही होते, वयाने नजर जाते, असं मी समजावणीच्या सुरात म्हणाले.

"माझी नजर?" तिने माझ्या झग्याकडे बोट केलं. "तिसऱ्या गुंडीचा दोरा सुटलाय तुझ्या. कोकू मी डोळे मिटून बोटांनी ओळखते."

"मग मंगळवारी दलदलीत काय असतं?"

आता ती हसली. "प्रेमाचं मूळ असतं, पोरी. वशीकरणाचं. त्याच दिवशी उपटावं लागतं, नाहीतर लागू पडत नाही. ते पिशवीत असतं, पाल्यात नाही. आणि गिऱ्हाइकं कोण? तुझ्याच नर्सा. तुझा तो लिसांद्रोसुद्धा, औषधांच्या दुकानातल्या पोरीसाठी. मी कशी सांगणार? नाव फोडलं तर धंदा बसतो."

लिसांद्रोला विचारलं तर कानापर्यंत लाल झाला. "लागू पडलं का?" मी म्हटलं. "रविवारी आइस्क्रीम खायला आली," तो म्हणाला.

मला हसू आलं, आणि आलं म्हणून राग आला. जाबोरांदी तरीही आलेली असू शकते. असू शकते. पाल्याचा नमुना, त्यावरच्या गोणपाटाच्या तुकड्यासकट, आसुन्सिओनला गेलाय.

गुरुवार, २९ जानेवारी

प्रयोगशाळेतल्या ग्रेगोरियाचा फोन. ती माझ्या वर्गातली, गोड बोलणं तिला कधी जमलं नाही.

"झुनिल्दा, तुझ्या पाल्यात जाबोरांदीचं एक पान नाही. सगळा पाला चोख आहे, पिशवीवर लिहिलाय तोच."

"मग लाळ कशाने?"

"कीटकनाशक. पाल्यावरही आणि तू पाठवलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावरही. गोणपाटावर तर निथळतंय. डासांसाठी मारतात त्या जातीचं. तुमच्याकडे पाला धुतात की फवारतात?"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या म्हातारीवरच चिडले. मुंग्या लागू नयेत म्हणून तिनेच काहीतरी शिंपडलं असणार! उद्या कोठीत जाऊन डबा शोधून काढते.

शुक्रवार, ३० जानेवारी

डबा शोधावा लागला नाही.

पाचच्या सुमारास कोठीशी गेले तर दार उघडं. नगरपालिकेची दोन माणसं घरोघर फवारून आली होती. पाठीवरचे पंप उतरवून हौदात धूत होती. हौदाचं पाणी दुधासारखं पांढरं. त्यांनी बूच काढलं, पण मोरी तुंबलेली, तळाला वीतभर राहिलंच, रात्रभरात झिरपून जाणारं. वास असा की माझ्या मेलेल्या नाकालाही कळला. लसूण.

"रोज इथेच धुता?" मी विचारलं.

"रोज कुठे? मंगळवारी आणि शुक्रवारी, डॉक्टर. दुसरा नळ कुठे आहे?" मग त्याने सभ्यपणे विचारलं, "ती आजी येत नाही का हल्ली? आम्ही निघताना ती गोणपाटं भिजवायला यायची. चेष्टा करायची आमची."

दारालाच टेकून उभी राहिले. बुधवार आणि शनिवार. अंधारलेला वॉर्ड, म्हणजे माझ्याच बारीक झालेल्या बाहुल्या. माझी चाळिशी. विषबाधेचा अभ्यास करणारी बाई दोन आठवडे गुआम्पा भरभरून ते विष पीत होती आणि बल्बवर चिडत होती. आणि किल्ली! आनिबाल देत नव्हते. मी भांडून घेतली होती.

सोमवार, २ फेब्रुवारी

आनिबालना सगळं सांगितलं. त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं.

"पोलिसांना सांगा, बाई निर्दोष आहे, सोडा. बस. बाकी गावाला कशाला? इस्पितळाच्या कोठीत विष कालवलं गेलं हे बारेइरोच्या भावांना कळलं तर टेबल नाही, इमारत उलथवतील."

"लोक तिला चेटकीण म्हणतात."

"विसरतील."

"कधी?"

"आणि डॉक्टर," ते हळूच म्हणाले, "किल्ली कोणी मागितली, हेही निघेलच ना."

ते मला धमकी देत नव्हते, हेच वाईट. ते मला वाचवत होते, आणि मला ते हवंसं वाटलं. दुपारभर हवंसं वाटत राहिलं. संध्याकाळी ठाण्यात जाऊन लिहून दिलं. न्या पोलिकार्पा मुलीबरोबर घरी गेली. मी आत होते तेव्हाच ती मागच्या दाराने निघाली.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आज सान ब्लासचा सण. मिरवणूक दरवर्षीप्रमाणे इस्पितळाच्या फाटकाशी थांबली, रोग्यांसाठी प्रार्थना झाली. पाद्रीबाबांना म्हटलं, मला बोलायचंय. बाकावर चढले. स्पॅनिशमध्ये सुरुवात केली, मग वाटलं ही पळवाट झाली, म्हणून गावाच्या भाषेत, माझ्या मोडक्या ग्वारानीत, बोलले. पाला चांगला होता, हौदात डासांचं औषध होतं, कोठीची किल्ली मी दिली होती, दोष माझा. न्या पोलिकार्पाचा काहीएक नाही.

वाटलं होतं, कोणीतरी ओरडेल, दगड मारेल. कोणी काही केलं नाही. बारेइरोचा थोरला भाऊ टोपी काढून जमिनीकडे बघत राहिला. धोब्याची बायको शेजारणीला म्हणाली, "बघितलंस? डॉक्टरणीच्या तोंडून स्वतःची सुटका करून घेतली. साधीसुधी चेटकीण नव्हे ती."

बँड वाजायला लागला. मिरवणूक पुढे गेली.

शनिवार, ७ फेब्रुवारी

आता कोठीला दोन कुलपं, फवारणीवाल्यांना नगरपालिकेच्या आवारात वेगळा नळ. फाटकाशी एक नवी पोरगी पाला विकायला बसलीय. लोक रांगेने घेतात. मी विचारलं, न्या पोलिकार्पा परत आली तर? ती म्हणाली, "ती येत नाही म्हणूनच तर मी बसले ना, डॉक्टर."

खात्याचा फोन होता. तुमच्या निष्कर्षाची वाट बघतोय, परिषदेत जागा ठेवलीय, म्हणाले. जाबोरांदीचं त्यांना मीच उत्साहाने आधी कळवून बसले होते. आता जे खरं आहे ते सगळं पाठवीन, किल्लीसकट. जागा राहील न राहील.

रविवार, ८ फेब्रुवारी

आज नदीपलीकडे गेले. कोणाच्या घरी जाताना नेतो तसा गार पाण्याचा जग, गुआम्पा आणि नळी घेऊन गेले. ती आंब्याखाली शेंगा सोलत बसली होती. खुर्ची दाखवली. मी जे बाकावर बोलले तेच पुन्हा बोलले, यावेळी रडत. तिने थांबवलं नाही, समजूतही काढली नाही.

"परत या," मी म्हणाले. "रोज सकाळी सगळ्यांच्या आधी मी येऊन पिईन. लोकांसमोर."

"काल इथल्या दुकानासमोर बसले होते," ती म्हणाली. "एक बाई आली. तीस वर्षांची ओळख. पुदिना उचलला, वास घेतला, पुन्हा घेतला, आणि ठेवला. तिचा काही दोष नाही. मीसुद्धा आता तोडताना वास घेते. कधी घेत नव्हते." एक शेंग सोलून झाली. "मुलीबरोबर सरहद्दीकडे जातेय. तिथे मला कोणी ओळखत नाही."

तिच्या अंगणातला पुदिना खुडला, दगडावर ठेचला, जगात टाकला, गुआम्पा भरून तिच्या हातात दिला. तिने घेतला. वास घेतला नाही. शांतपणे, शेवटच्या थेंबापर्यंत, नळीचा आवाज येईपर्यंत प्यायली. माझा जीव भांड्यात पडला. मी दुसरा भरायला हात पुढे केला.

तिने गुआम्पा परत दिला आणि म्हणाली, "आभारी आहे, डॉक्टरीणबाई."

तेरेरेच्या फेरीत आपल्याकडे आभार चांगलं होतं म्हणून मानत नाहीत. मला आता तुझ्या हातचं नको, एवढ्यासाठीच मानतात. एकदा आभार मानले की त्या माणसापुढे गुआम्पा पुन्हा करायचा नसतो.

जग भरलेलाच होता. ती शेंगा सोलत राहिली. बस यायला वेळ होता, म्हणून मी एकटीच पीत बसले.